अप्पांचा नऊ

कमरीपेठ, हुबळी
२६ जुलै २०२५

चि. गौतमी,

जय भीम. पत्र हातात पडलं की तू ते उभ्या उभ्या वाचणार, म्हणून कामाचं आधी लिहितो.

गल्लीच्या मंडळाने तुझा सत्कार ठरवला. ऑगस्टच्या १೯ तारखेला संध्याकाळी सहाला, आपल्या गल्लीमागच्या कम्युनिटी हॉलमध्ये. तुझ्या भावाला, रवीला, बजावून ठेवलंय की हे मी कळवणार, त्याने फोन करून माझ्या तोंडचा घास पळवायचा नाही. फोनवर तू काय बोलतेस ते मला कुठे ऐकू येतंय? बर्फाच्या कारखान्यात तीस वर्षं कॉम्प्रेसरशेजारी उभं राहिलं की कान त्याच्याच नावावर होतात. तेव्हा आपलं पत्रच बरं. माझं अक्षर मराठी, आकडे कन्नड शाळेतले, ही खिचडी तुला लहानपणापासून पचते.

पेपरात आलेली तुझी बातमी मी लॅमिनेट करून घेतली. ‘अंटार्क्टिकात तीन डिग्री वाढ, हुबळीच्या मुलीचा शोध.’ चहाच्या टपरीवर नेतो. ज्यांनी वाचलेली आहे त्यांनाही परत वाचायला लावतो. तुझी अव्वा म्हणते, आता मलाच लॅमिनेट करून भिंतीला लावा.

अव्वा पुढे लिहायला सांगते, की गोव्याहून हुबळी सहा-सात तास आणि पोरगी सव्वा वर्ष आईकडे आली नाही. बर्फाच्या गावाला मात्र आजवर तीनदा जाऊन आली. मी फक्त लिहिणारा.

तुझा,
अप्पा


वास्को, गोवा
३१ जुलै २०२५

प्रिय अप्पा, अव्वा,

जय भीम. पत्र उभ्यानेच वाचलं. बसवत नाही हो हल्ली. संस्थेतल्या शीतगृहात उणे वीसमध्ये काम करते, तासाभराने बाहेर येऊन ऊब घ्यावी लागते, आणि बाहेर आल्यावर पुन्हा आत जावंसं वाटतं. खोलीवर आले की चपला काढायच्या आत बाहेर पडायचं कारण शोधते. सगळे म्हणतात, इतकं मिळालंय, आता तरी स्वस्थ बस.

मिळालंय ते सांगते. डिसेंबरला निघणाऱ्या मोहिमेच्या बर्फ-तुकडीची प्रमुख मी असणार आहे. तोंडी सांगितलंय, कागद सप्टेंबरात येईल. धारवाडला बी.एस्सी. करताना मी बर्फ पाहिला होता तो फक्त तुमच्या कारखान्याच्या हातगाडीवरचा, गोणपाटात गुंडाळलेला. मुलाखतीत त्यांनी विचारलं, बर्फाची आवड कुठून लागली? मी म्हटलं, घरचा धंदा.

अप्पा, टपरीवर ते तीन डिग्रीचं जरा कमी सांगा. शोध वगैरे काही नाही. आम्ही बर्फात भोक पाडतो. दहा मीटर खोलीवर उन्हाळा-हिवाळा पोचत नाही, तिथलं तापमान म्हणजे त्या जागेच्या वर्षभराच्या थंडीची सरासरी. वीस वर्षांपूर्वी एका तुकडीने तिथे उणे एकोणतीस मोजलं होतं. आम्हाला उणे सव्वीस मिळालं. एवढंच.

कार्यक्रमाला येते. त्या दिवशी सकाळची गाडी पकडून थेट हॉलवर पोचेन आणि संपल्यावर लगेच निघेन. अव्वा, रागावू नकोस. डब्यात काहीतरी बांधून ठेव.

गौतमी


कमरीपेठ
७ ऑगस्ट

चि. गौतमी,

एवढंच म्हणे! तीन डिग्री म्हणजे काय ते तू मला शिकवतेस?

आपल्या टाकीतलं मिठाचं पाणी उणे नऊला असलं की चोवीस तासांत डब्यात लादी भरीव होते. तेच उणे सहावर आलं, तर लादी बाहेरून तशीच दिसते, उचलायला तशीच जड, पण पोटात पाणी. गिऱ्हाइकाला कळत नाही. ऊन लागलं की मगच कळतं. तुझं भाषण झालं की हे मी उठून सांगणार आहे, मंडळाची परवानगी घेतली आहे.

फ्लेक्स तयार झाला. तुझं तोंड दोन फूट आणि खाली लाल अक्षरात ‘तीन डिग्री’. पोरांनी तुझ्या मागे पेंग्विन टाकलेत. तिथे पेंग्विन नव्हते असं तू सांगितलं होतंस, ते मी सांगितलं, पण पेंग्विनचे पैसे वेगळे लागत नाहीत म्हणाले.

‘लगेच निघेन’ हे मी अव्वाला वाचून दाखवलेलं नाही.

अप्पा


वास्को
१७ ऑगस्ट

अप्पा,

या पत्राचा फोटो रवीच्या फोनवर पाठवते आहे, कारण टपाल वेळेत पोचणार नाही.

परवा एकोणीसला मला येता येणार नाही. संस्थेत काम निघालं आहे. कार्यक्रम पुढे ढकलता आला तर ढकला. नाही जमलं तर माझ्याशिवाय करू नका, रद्दच करा. फ्लेक्स लावला असेल तर कृपा करून उतरवायला सांगा.

अव्वाला सांगा, मी बरी आहे.

गौतमी


कमरीपेठ
१७ ऑगस्ट, दुपार

गौतमी,

रवीने फोटो मोठा करून दाखवला. उत्तर लिहितोय, तोही फोटो काढून पाठवेल.

काम निघालं म्हणतेस. बरं. पण शनिवारी तू इथे होतीस.

आज सकाळी हॉलचा वॉचमन मला हात करून थांबवायला लागला. खुणा केल्या, मग रवीच्या फोनवर लिहून दिलं. शनिवारी हॉलमध्ये एका घरचं बारसं होतं. एक बाई बॅग घेऊन आत आली, पाळण्यासमोर उभी राहिली, लोकांनी पाहुणी समजून पान वाढलं. ती जेवली. जाताना त्याने ओळखलं, “अक्कार, नीवु बोर्डिन्याग इद्दीरल्ला?” म्हणजे फ्लेक्सवर आहात त्या तुम्हीच ना? ती हो म्हणाली आणि पळाल्यासारखी गेली.

हॉलपासून घर चालत दोन मिनिटं. परक्याच्या बारशाचं जेवलीस आणि आईच्या हातचं पाणी प्यायला आली नाहीस. मला वाईट वाटलं. गोल गोल काय लिहू, वाईट वाटलं. अव्वाला सांगितलेलं नाही, आणि किती वेळ दडवून ठेवता येईल ते माहीत नाही.

काय झालंय ते लिही. पैसा, तब्येत, माणूस, जे काही असेल ते. पण काम निघालं असं परत लिहू नकोस.

अप्पा


वास्को
१७ ऑगस्ट, संध्याकाळ

अप्पा,

माफ करा. सगळं लिहिते.

तुमच्या पहिल्या पत्रातली तारीख मी सोळा वाचली. शनिवार, पंधरा ऑगस्टच्या सुट्टीला लागून, मला ते इतकं बरोबर वाटलं की पुन्हा बघितलंच नाही. हॉलवर गेले तर पाळणा. वाटलं, आपला कार्यक्रम नंतर असेल. एका आजीने हाताला धरून बसवलं आणि मी जेवले. मग भिंतीला टेकवून ठेवलेला फ्लेक्स दिसला. त्यावर छापील १९. बॅगेत तुमचं पत्र होतं, ते काढलं. तुम्ही बाकीचे आकडे हल्ली मराठी काढता, पण नऊ अजून कन्नडच काढता, ೯. मराठी डोळ्याला तो सरळ सहा दिसतो.

आधी हसू आलं. घरी येऊन अव्वाला सांगायचं म्हणून निघाले. गल्लीच्या तोंडाशी आले आणि पायच थांबले, कारण तो नऊ मी आणखी कुठेतरी पाहिला होता. माझ्याच वहीत.

आठवतं का, पहिलीत बाईंनी माझ्या बोटांवर पट्टी मारली होती? तुमचं बघून मी नऊ तसाच काढायचे. मार खाऊन सुटला. पण अप्पा, त्या भोकापाशी नोंद करणाऱ्या यंत्राची बॅटरी थंडीने गेली. मग मी दर तासाला मीटर बघून पेन्सिलीने वहीत आकडे लिहिले, उणे पस्तीसच्या वाऱ्यात, दोन-दोन हातमोजे घालून. परतताना जहाजावर उलट्यांनी आडवी झाले. माझा सहकारी साकेत नागपूरचा, त्याने वही घेऊन सगळं संगणकात चढवलं.

शनिवारी संध्याकाळच्या बसने परत आले आणि आज सकाळी संस्थेचं कपाट उघडून वही काढली. आधीच्या सगळ्या पानांवर माझा शाळेतला ९ आहे. दहा मीटरच्या नोंदी शेवटच्या तीन पानांवर, बोटं बधिर झाल्यावरच्या, तिथे तुमचा. उणे २೯, उणे २೯, उणे २೯. साकेतने सव्वीस वाचलं. त्याच्या जागी कोणीही तेच वाचलं असतं.

म्हणजे तीन डिग्री नाहीत. वीस वर्षांपूर्वी होतं तेवढंच आहे. जग तापत नाही असा याचा अर्थ नाही, बाकी कितीतरी ठिकाणी मोजलेली वाढ खरीच आहे. पण माझ्या भोकाने ती सांगितलेली नव्हती, मी त्याच्या तोंडी घातली.

हे कळवलं तर छापलेला शोधनिबंध मागे घ्यावा लागेल. मोहिमेचा कागद सप्टेंबरात यायचाय, तो बहुधा येणार नाही. एक वाट आहे. ‘टाईप करताना चूक झाली’ एवढंच कळवायचं. खोटंही नाही. टाईप करणारा म्हणून साकेतचं नाव निबंधाखाली आहे, लोक समजून घेतील, मला कमी लागेल. त्याची नोकरी कंत्राटी आहे, नव्या वर्षात कंत्राट पुन्हा व्हायचंय. आज दिवसभर मी हे वाक्य चार प्रकारे लिहून पाहिलं. चारही वेळा ते बरं दिसलं, त्याचीच भीती वाटते.

तुमच्या नऊची चूक नाही. सव्वीस मला आवडलं, अप्पा. एकोणतीस आलं असतं तर मी दहा वेळा वही उघडली असती. सव्वीस आलं आणि एकदाही उघडली नाही.

घरी आले नाही कारण तुम्ही दारात ती लॅमिनेट केलेली बातमी घेऊन उभे असाल असं वाटलं. अजून बसवत नाहीये. हेही खिडकीच्या कट्ट्यावर कागद ठेवून उभ्यानेच लिहिते आहे.

गौतमी


कमरीपेठ
१८ ऑगस्ट, सकाळ

चि. गौतमी,

तुझं पत्र वाचल्यावर पहिल्यांदा मनात काय आलं, ते आधी लिहितो. हे घराबाहेर कोणाला कळलंय, असं आलं. वही जाळता येते असंही आलं. बाप आहे, येणारच. मग उठून माठातलं पाणी प्यालो आणि परत बसलो.

आता दुसरं. हे अव्वालाही माहीत नाही. फोटो काढताना रवीला कळेल, कळू दे.

रवी चौथीत होता तेव्हाची गोष्ट. टाकीचा थर्मामीटर फुटला. मालक म्हणाले, पुढच्या महिन्यात आणू. पुढचा महिना चार महिने आला नाही. दर दोन तासांनी वहीत तापमान लिहायचं माझं काम. मी टाकीच्या काठावर हात ठेवायचो आणि ೯ लिहायचो. पुढे पुढे हातही ठेवत नव्हतो. दिवसाचे बारा नऊ सकाळीच काढून मोकळा.

मे महिना होता. जुन्या हुबळीत गोदावरीबाई म्हणून शाळेतल्या एक बाई वारल्या. मुलगा लांबून यायचा होता म्हणून घरच्यांनी दोन लाद्या मागवल्या, प्रेताशेजारी ठेवायला. आपला हातगाडीवाला यमनप्पा घेऊन गेला. लाद्या बाहेरून भरीव, पोटात पाणी. मशीन दमलं होतं आणि मला ते माहीत नव्हतं, कारण मी बघितलंच नव्हतं. दुपारपर्यंत सगळं वाहून गेलं. मुलगा पोचायच्या आधी त्यांना बाईंना न्यावं लागलं. तो मुलगा नंतर कारखान्याच्या दारात येऊन रडला.

मालकांनी वही उघडली. ೯, ೯, ೯. म्हणाले, लादी चोख होती, गाडीवाल्याने गोणपाट नीट बांधलं नाही. यमनप्पाला त्याच संध्याकाळी काढून टाकलं. वही माझ्या हातात होती. मी तिथेच उभा होतो. कॉम्प्रेसरच्या आवाजात काही ऐकू आलं नाही असं तोंड केलं, आणि तेव्हा माझे कान चांगले होते.

तू लिहिलंस, ‘टाईप करताना चूक’, खोटंही नाही. गोणपाटही थोडं सैल असेलच. साकेतला मी ओळखत नाही, पण त्याचा यमनप्पा करू नकोस. मी केलाय. सत्तावीस वर्षं झाली, आणि मलाही कुठे बसवतंय? अव्वाला वाटतं माझ्या पायात भिंगरी आहे. तीच तुझ्यात उतरलीय असं ती म्हणते.

मोहीम जाईल. मला त्याचं फार वाईट वाटेल. तुझ्यापेक्षा जास्त वाटेल, कारण तुझं पुढचं आयुष्य आहे, माझं ते टपरीवरचं एवढंच होतं. तरी सांग.

कार्यक्रम रद्द करत नाही. हार सांगून ठेवलाय, शंभर माणसांचा उप्पिट-शिरा ठरलाय. उद्या ये. आधी घरी ये. तारीख परत लिहितो, अक्षरात: एकोणीस.

अप्पा


वास्को
१८ ऑगस्ट

अप्पा,

संस्थेला आणि निबंध छापणाऱ्या नियतकालिकाला आज दुपारी कळवलं. वही माझी, अक्षर माझं, तपासायचं मीच राहिले, असं लिहिलं. साकेतला ते आधी वाचून दाखवलं. तो म्हणाला, तो नऊ काढून दाखव ना. मी काढून दाखवला.

उद्या पहाटेची गाडी. आधी घरी येते. अव्वाला शनिवारचं तुम्ही सांगू नका, मी सांगते.

गौतमी


कमरीपेठ
२९ ऑगस्ट २०२५

चि. गौतमी,

तू गेल्यावर दहा दिवसांनी लिहितोय, कारण मधे एक काम होतं. ते पुढे.

त्या दिवशी तू काय बोललीस ते मला ऐकू आलं नाही, फक्त दिसलं. आधी माणसं हसत होती, मग एकमेकांकडे बघायला लागली, मग तुझ्या मागच्या फ्लेक्सकडे. तुझा हात वहीवर होता आणि तो हलत नव्हता. तू थांबलीस तशा मी टाळ्या वाजवल्या. सगळेच वाजवतायत अशा समजुतीने बराच वेळ वाजवत होतो. अव्वाने मनगट धरलं तेव्हा वळून बघितलं, तर एकटा मीच. त्यानंतर मागून कोणीतरी वाजवल्या, रवी सांगतो बऱ्याच जणांनी. असतील. मला लाज वाटली नाही.

रवीने तुझं भाषण नंतर कागदावर उतरवून दिलं. वकील सुधींद्रराव तुला विचारत होते, म्हणजे तापमान वाढतच नाही का, आणि तू म्हणालीस, तुमच्या एका दाताचा एक्स-रे चुकला म्हणून बाकीची कीड जात नाही. ते मला आवडलं. टपरीवर सांगतो. लॅमिनेट केलेली बातमी पेटीत ठेवली, फाडली नाही.

मोहिमेचं काय झालं ते तू लिहिलेलं नाहीस, त्यावरूनच काय ते कळलं. अव्वा म्हणते, बरं झालं, थंडीत पोरगी घरी येईल. आणि असं म्हणून आत जाऊन डोळे पुसते. साकेतचं कंत्राट पुढे चालू ठेवणार ते लिहिलंस, बरं वाटलं.

फ्लेक्स वॉचमनने मागून घेतला. त्याच्या शेडवर पाऊस गळत होता, तिथे टाकलाय. तुझं तोंड आकाशाकडे आहे, पेंग्विनांसकट.

आता ते काम. गेल्या रविवारी रवीच्या गाडीवर बसून रायापूरला गेलो. यमनप्पा तिथे मुलीकडे राहायचा असं कळलं होतं. तो सहा वर्षांपूर्वी गेला. बायको आहे, पार्वती. रवीला बाहेर थांबवून मी तिला सगळं सांगितलं. थर्मामीटर, वही, गोणपाट. तिने ऐकून घेतलं. मग माझ्या कानाशी येऊन मोठ्याने बोलली, म्हणून ऐकू आलं. त्या दिवसापासून यमनप्पा कशालाही दोनदा गाठ मारायचा म्हणाली. सायकलच्या कॅरियरला, चाऱ्याच्या भाऱ्याला, दुधाच्या पिशवीलासुद्धा. माझंच गोणपाट सैल राहिलं, असं शेवटपर्यंत म्हणायचा.

“ईग हेळिदर येन बंतु?” म्हणाली. आता सांगून काय मिळालं? चहा दिला नाही, आणि तिने बरोबर केलं. पुन्हा जाणार आहे. ती दार उघडेल तर उघडेल.

तू दुसऱ्याच दिवशी सांगितलंस, मी सत्तावीस वर्षांनी. तुझ्यात आणि माझ्यात एवढा फरक पडला, तो मला पुरे.

रवीच्या पोरीची पाटी घेऊन आठवडाभर बसतोय. पोट आधी, शेपटी नंतर, ती शिकवते आणि चुकलं की डोक्यावर टपली मारते. हात ऐकत नाही, जुन्या वळणावर जातो. तरी काल पाटीभर मराठी नऊ काढले. या पत्राच्या डोक्यावरची तारीख मी एकट्याने लिहिलीय, कोणाला विचारलेलं नाही.

वाचता आली का, ते कळव.

अप्पा